ओनोची दोन बोटं

आमच्या ओस्टरमूरच्या घोडेस्वार मंडळात गेल्या दोन-तीन वर्षांत सगळ्यात जास्त चर्चा कशाची झाली असेल, तर माझ्या बहिणीच्या नवऱ्याच्या बोटांची. उजव्या हाताची दोन बोटं, अंगठ्याशेजारचं आणि मधलं. ती किती जाड आहेत, इतकी जाड असावीत का, आणि असलीच तर ती घेऊन माणसाने घोड्याच्या नाकाशी जावं का, यावर आमच्याकडे बैठका झाल्या, ठराव झाले, एक लग्न मोडता मोडता राहिलं. लग्नाचं मी जरा वाढवून सांगते आहे, पण भांडण खरंच झालं होतं.

ओनो ब्रुन्स त्याचं नाव. वय एकाहत्तर. जन्मभर खोगीर शिवलेला माणूस. खांदे बैलासारखे, बोलणं अगदी बेताचं. सकाळी भेटला तर नमस्कार म्हणून ‘मॉइन’ म्हणेल, संध्याकाळी भेटला तरी ‘मॉइन’च, आणि या दोहोंच्या मध्ये त्याला काही बोलायचं असेल तर तो आधी नाक शिंकरतो. चाळीस वर्षं मेण लावलेला दोरा ओढून ओढून त्याची बोटं अशी झालीत की त्याची दोन म्हणजे इतरांची साडेतीन. माझी बहीण एल्के म्हणते, लग्नातली अंगठी सोनाराकडून दोनदा वाढवून आणावी लागली.

मी थेडा. स्पर्धेच्या दिवशी केकचं टेबल वीस वर्षं माझ्याकडे आहे. टेबल तयारीच्या मैदानाला लागून असतं. मुख्य मैदानात जायच्या आधी सगळे स्वार तिथेच घोडे फिरवतात, त्यामुळे मला सगळं दिसतं आणि निम्मं ऐकू येतं. उरलेलं निम्मं लोक केक घ्यायला येतात तेव्हा सांगतात. या मैदानाच्या फाटकाशी एक घडीची खुर्ची असते आणि तिच्यावर ‘देखरेख’ लिहिलेलं पिवळं जाकीट घातलेला माणूस बसतो. कुणी घोड्याला जास्त मारत नाही ना, टाचेची आर रक्त काढत नाही ना, नाकपट्टी फार आवळलेली नाही ना, हे त्याने पाहायचं. आमच्या भागात मुलं चालायला लागायच्या आधी घोड्यावर बसतात आणि प्रत्येकाला वाटतं की घोड्यातलं आपल्यालाच कळतं. त्यामुळे या खुर्चीवर बसायला कुणी तयार नसतं.

नाकपट्टी म्हणजे घोड्याच्या नाकाभोवती, जबड्याखालून बांधायचा चामडी पट्टा. तिचा नियम सोपा आहे. पट्टी आणि नाकाचं हाड यांच्यामध्ये दोन बोटं गेली पाहिजेत. पण ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याच्या कवायतीच्या स्पर्धेत, घोड्याने तोंड उघडलं, जीभ बाहेर काढली की परीक्षक गुण कापतात. मग स्वार काय करतो? तोंडच बांधून टाकतो. पट्टी अशी आवळतो की बिचाऱ्याला जांभईसुद्धा देता येऊ नये. वरून घोडा कसा शांत, आज्ञाधारक दिसतो!

आता गंमत बघा. नियमात दोन बोटं लिहिलीत, पण कुणाची ते लिहिलेलं नाही. आमच्या मंडळाने हे फार आधी ओळखलं होतं. बारा वर्षं त्या खुर्चीवर पियानो शिकवणाऱ्या हिल्गर्सबाई बसायच्या. त्यांना घोड्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण बोटं अशी बारीक की पट्टीखाली गेली काय आणि आली काय, घोड्याला पत्ता नाही. सगळे खूश. मग हिल्गर्सबाई मुलाकडे ब्रेमेनला राहायला गेल्या आणि खुर्ची रिकामी झाली. ओनो बैठकीत उठला, नाक शिंकरलं आणि म्हणाला, “मी बसतो.” घरचा माणूस, फुकट बसतोय, म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याच्या हातांकडे एकानेही पाहिलं नाही. मीही नाही.

तो का उठला हे मला मात्र ठाऊक होतं. एल्केने सांगितलं होतं.

ओनोच्या दुकानात तीस वर्षं एकच वाक्य ऐकू यायचं: “ओनो, अजून एक भोक पाड ना.” पट्टी आणायची, ओनो पक्कड घ्यायचा, कटक, झालं. भोकाचे पैसेसुद्धा घ्यायचा नाही. त्याच्या मुलीचा, इम्केचा, पहिला घोडा होता लोट्से. सोळाव्या वर्षी तिने त्याच्यावर जिल्ह्याचं सोनेरी पदक आणलं, आणि त्या सकाळी पट्टी ओनोने स्वतः आवळून दिली होती. पुढे लोट्से म्हातारा झाला, कुरणात सोडला. एका उन्हाळ्यात ओनो त्याला बादलीभर पाण्याने धूत होता. नाकावरून हात फिरवताना बोटं थांबली. तिथे हाडाला खाच होती. वर पांढरे केस उगवलेले आणि खाली हाड दबलेलं, कडेला उंचवटा. ओनोला मोजायची गरज नव्हती. त्या खाचेची रुंदी त्याच्या पट्टीची होती. एल्के सांगते, तो बादली उपडी करून तिच्यावर तासभर बसून राहिला, आणि घोडा त्याच्या टोपीचा काठ चघळत उभा होता.

दुसऱ्या दिवशी दुकानात पाटी लागली: ‘नाकपट्टीला जादा भोक पाडून मिळणार नाही. विचारू नये. कॉफी मिळेल.’ अर्धी गिऱ्हाइकं गेली. राहिली ती कॉफी प्यायला येऊ लागली. मात्र लोट्सेच्या नाकाबद्दल इम्केशी तो एक शब्द बोलला नाही. मी म्हटलंही, “अरे, सांग की तिला. तीही रोज घोडे तयार करते.”

“बघू,” म्हणाला. आमच्याकडचे पुरुष ‘बघू’ म्हणतात तेव्हा ते दुसरीकडे बघत असतात.

तर, खुर्चीवरचा त्याचा पहिला शनिवार. चौदा घोडे आले. ओनोने चौदा वेळा बोटं घातली, म्हणजे घालायचा प्रयत्न केला. अकरा जणांना पट्टी सैल करावी लागली. खाटीक गेर्डसच्या बायकोने तर मैदानातच भांडण काढलं. “ही काय बोटं आहेत? हे फाटकाचे खुंट आहेत!” नवरा मध्ये पडला, “अगं, माझी याहून जाड आहेत,” तर त्यालाच बोलणी बसली. ते मघाशी म्हटलेलं लग्न यांचंच.

हिवाळ्यात मंडळाचं कोबीचं जेवण असतं. हातगाडीत बाटल्या भरून आधी गावाबाहेर चक्कर मारायची, मग गारठलेल्या पायांनी खाणावळीत घुसून हिरव्या कोबीची भाजी आणि सॉसेज पोट फुटेपर्यंत खायचं. महत्त्वाचे ठराव तिथेच होतात, कारण उठून जायची ताकद कुणात नसते. त्या वर्षी आमचे अध्यक्ष डॉक्टर फोल्कर्ट्स यांनी ओनोच्या बोटांचा विषय काढला. फोल्कर्ट्स दातांचे डॉक्टर. गावातल्या प्रत्येक तोंडात त्यांची बोटं जाऊन आलेली, सडपातळ आणि स्वच्छ.

“मला ओनोबद्दल आदर आहे,” ते म्हणाले. अशी सुरुवात झाली की समजावं, आता काहीतरी काढून घेणार. “पण मोजमाप न्याय्य हवं. वरून म्हणे प्लास्टिकची मोजपट्टी येणार आहे. ती येईपर्यंत सर्वसाधारण बोट कोणतं, ते ठरवू या.”

मग काय विचारता! शिंप्याची टेप आणली, आणि सत्तावीस माणसं मोहरीची चटणी लागलेले हात पुढे करून रांगेत उभी राहिली. मी मापं घेत होते. फोल्कर्ट्स सगळ्यात बारीक निघाले. गेर्डस सगळ्यात जाड. ओनो वरून दुसरा. गेर्डस विजयी वीरासारखा हात उंचावून खुर्चीवर चढला आणि म्हणाला, “ओनो नको असेल तर मी बसतो!” त्याबरोबर ओनोच्या बाजूने एकमताने ठराव झाला.

पण फोल्कर्ट्स काही मोकळ्या हाताने घरी जाणारे नव्हेत. त्यांनी जाता जाता एक पोटकलम चिकटवलं: नात्यातल्या स्वाराच्या घोड्याला ओनोने हात लावायचा नाही, तो अध्यक्ष तपासतील. ऐकायला किती रास्त! फक्त एवढंच की ओनोच्या नात्यात स्वार एकच, इम्के. आणि इम्के ज्या घोडीवर बसायची ती मिराबेल, तिचे मालक खुद्द डॉक्टर फोल्कर्ट्स. मी कोबीच्या ताटात तोंड घालून हसले. ओनो हसला नाही, पण विरोधही केला नाही. मला तर वाटतं, त्याला हायसं वाटलं.

असे दोन उन्हाळे गेले. गावभरच्या घोड्यांच्या पट्ट्या सैल झाल्या आणि मिराबेलची तेवढी राहिली. लोक काय गप्प बसतात? दूधवाल्याने एकदा दुकानात तोंडावर म्हटलं, “काय ओनो, गावाला सैल आणि घरात आवळ?” ओनोने त्याला कॉफी दिली आणि साखर द्यायला विसरला.

यंदा जूनच्या शेवटच्या शनिवारी आमची स्पर्धा होती. ऊन छान पडलेलं, नदीकडून वारा, माझा स्ट्रॉबेरीचा केक दहालाच अर्धा संपलेला. दुपारी संगीतावरची मोठी फेरी होती. प्रत्येक स्वाराने स्वतःचं गाणं निवडायचं आणि घोड्याने त्यावर चालायचं, दुडकायचं, जागच्या जागी नाचायचं. इम्केला या फेरीत सत्तर टक्के मिळाले की शरद ऋतूत ती विभागाच्या संघात जाणार होती. ती एक्केचाळीस वर्षांची आहे. पंचवीस वर्षं इतरांचे घोडे तयार करते आणि ते घोडे दुसरेच कुणीतरी मोठ्या मैदानात नेतात. हा तिचा पहिला मोका होता, आणि सगळ्यांना ठाऊक होतं की बहुतेक शेवटचाही.

ओनो खुर्चीत बसला होता. हॅनोव्हरकडून एक तरुण स्वार आला होता, टॉर्बेन नावाचा, पांढरीशुभ्र विजार आणि केस तेलाने तेवढेच चकचकीत. त्याने काळ्या घोड्याची मान अशी ओढून धरली होती की हनुवटी छातीला टेकलेली, डोळे फिरलेले, तोंडाला फेस. एक चक्कर झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. ओनो उठला, कुंपणाशी गेला, नाक शिंकरलं.

“काय शोधतोय हा?”

“कोण?” टॉर्बेन म्हणाला.

“घोडा. मघापासून छातीत काहीतरी शोधतोय. पडलंय का काही?”

टेबलापाशी उभे असलेले लोक खो खो हसले. टॉर्बेन लाल झाला. “मी त्याला मोकळा करतोय, साहेब. पाठ मोकळी होते यानं.”

“मग आता सोड. मान मोकळी होऊ दे. आणि इकडे ये, पट्टी बघू.”

बोटं अर्थातच गेली नाहीत. टॉर्बेनने दात-ओठ खात पट्टी दोन भोकं सैल केली. काळ्या घोड्याने मान लांब केली आणि असा फुरफुरला की पांढऱ्या विजारीवर हिरवे ठिपके उठले. मला त्या घोड्याला केक द्यावासा वाटला.

नेमकी तेव्हाच इम्के मिराबेलला घेऊन आत आली. तपकिरी घोडी, देखणी, पाय नीट उचलणारी. फोल्कर्ट्स सुटाबुटात पुढे झाले, आपली दोन बोटं पट्टीखाली सरकवली, म्हणजे नखं सरकवली म्हणा, आणि मोठ्याने म्हणाले, “उत्तम!” टॉर्बेन तिथून जात होता. त्याने घोडा थांबवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “आणि ही? हिला तुमची बोटं नाहीत का, ब्रुन्ससाहेब?”

ओनोचे कान लाल झाले. तो उठला आणि थेट माझ्या टेबलाशी आला.

“बटरकेक दे.”

मी दिला. त्याने ताटली हातात धरली आणि केकाकडे बघत बसला. हा माणूस चार तुकडे उभ्या उभ्या संपवतो. मला त्याचा राग आला.

“खा की.”

“भूक नाही.”

“मग मागितलास कशाला? लपायला? ओनो, मी काही झाड नाही, माझ्याआड मावायचा नाहीस तू.”

“ठराव आहे, थेडा. मला हात लावता येत नाही.”

“ठराव फोल्कर्ट्सने स्वतःसाठी केला आणि तू त्यात बसून राहिलास. दोन वर्षं! टॉर्बेनला सांगायला जीभ आहे, पोरीला सांगायला नाही?”

“आज तिचा दिवस आहे,” तो म्हणाला. “आज मी तिथे गेलो तर तिचं सगळं जाईल. तोंड उघडलं की गुण जातात. तुला माहीत आहे. मी बाप आहे तिचा.”

खोटं कशाला सांगू, माझीही भाची आहे ती. मीही आठवडाभर तिच्या संघाची स्वप्नं बघत होते. आम्ही दोघं तिथे उभे राहून मिराबेलकडे बघत राहिलो. घोडी आमच्या समोरून गेली. चाल झकास होती. पण डोळा बघाल तर तो मोठा, कोपऱ्यात पांढरा, आणि डोळ्याखालची शीर फुगलेली. ओनोने ताटली माझ्या हातात कोंबली आणि निघाला.

“ओनो, ठराव आहे!” फोल्कर्ट्स वाटेतच आडवे आले.

“मोडतोय. लिहून घे. उद्यापासून खुर्ची दुसऱ्याला दे.”

“अरे, माझी घोडी आहे ती!”

“नाक तिचं आहे,” ओनो म्हणाला आणि त्यांना बाजूला करून पुढे गेला.

इम्केने घोडी थांबवली. फेरीला पंधरा मिनिटं उरली होती. “पपा, आत्ता नाही. प्लीज.”

“मी हात लावत नाही. तू उतर आणि तूच बोटं घाल.”

“कशाला?”

“तुझी बोटं आईवर गेलीत. बारीक आहेत. घाल.”

ती उतरली, तणतणत हातमोजा दातांनी ओढून काढला. पट्टीखाली बोट घालायला गेली. नाही गेलं. दुसऱ्या बाजूने बघितलं. तिथेही नाही. करंगळीचं टोक तेवढं गेलं आणि अडकलं. रोज पट्टी बांधणारी ती, पण बांधायची आणि बोटं घालून बघायची ही दोन वेगळी कामं असतात, आणि दुसरं काम कायम डॉक्टरांचं होतं.

तिचा चेहरा पडला, पण लगेच भडकली. “आणि हे तू सांगतोस? सोळा वर्षांची होते मी! लोट्सेची पट्टी कुणी आवळली होती? ‘अजून एक, अजून एक’, कोण म्हणत होतं? हे सगळं मी शिकले कुणाकडून?”

कुंपणाशी तीसेक लोक होते. मी कॉफीचा नळ बंद करायला विसरले.

“माझ्याकडून,” ओनो म्हणाला. “मीच आवळली. लोट्सेच्या नाकाच्या हाडाला खाच आहे, इम्के. माझ्या पट्टीएवढी. सात वर्षं मला माहीत आहे. तुला सांगायची हिंमत झाली नाही. चूक माझी आहे. तेव्हाही आणि नंतरही.”

एवढी सलग वाक्यं त्याने लग्नातसुद्धा बोलली नव्हती. इम्केने मिराबेलकडे वळून घोडीच्या कपाळावर स्वतःचं कपाळ टेकवलं. मग बकल काढलं. एक भोक, दोन भोकं, तिसरं. घोडीने खालचा जबडा इकडून तिकडे हलवला, आणि मग एवढी मोठी जांभई दिली की गावाला सगळे दात दिसले.

“ती तोंड उघडणार,” फोल्कर्ट्स कळवळून म्हणाले. “इम्के, सत्तर टक्के!”

“मग उघडेल, डॉक्टर. तुमच्याकडे लोक तोंड बंद करून येतात का?” असं म्हणून ती घोडीवर चढली.

आणि घोडीने तोंड उघडलंच. पहिल्याच सलामीला, परीक्षकांच्या टेबलासमोर, मिराबेलने जीभ डावीकडून काढून दाखवली. जणू काही मुद्दामच. लोक हसले. एक परीक्षक बाईही हसल्या, आणि हसता हसता गुण कापले त्यांनी. दुडकीत एकदा लय चुकली. एका वळणावर घोडी इतकी खुशीत आली की ठरल्यापेक्षा दोन पावलं पुढेच गेली. पण मग जागच्या जागी नाचायचा भाग आला. तिथे मिराबेल दरवेळी शेपूट फटकारायची, अंग आखडायची. आज कान पुढे, पाठ गोल, आणि पाय उचलत होती ते असे हलके की गेर्डस हातातलं सॉसेज तसंच धरून उभा राहिला. फोल्कर्ट्स माझ्या शेजारी होते. “असं हिने कधी केलं नव्हतं,” एवढंच म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.

अडुसष्ट पूर्णांक चार. सातवा नंबर. ध्वनिवर्धकावर आकडा आला तेव्हा आमच्या बाजूने ‘ओह’ असा एकच आवाज निघाला. संघ गेला. टॉर्बेन तिसरा आला, त्या काळ्या घोड्यावर, सैल पट्टीने. हेही सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल थेडा एकांगी सांगते. बक्षीस घेऊन येताना त्याने ओनोपुढे टोपी काढली. ओनोने पिवळं जाकीट काढून, घडी करून फोल्कर्ट्सच्या हातात दिलं. फोल्कर्ट्सनी ते मला दिलं, मी ते सांडलेली कॉफी पुसायला घेतलं, आणि त्या गडबडीत खुर्चीचा विषय राहूनच गेला. रविवारी सकाळी स्पर्धा पुढे सुरू झाली तेव्हा ओनो तिथेच बसलेला दिसला.

पण मला सांगायचंय ते त्याच संध्याकाळचं. मी टेबल आवरत होते. केक कधीच उरत नाही, पण त्या दिवशी चार तुकडे मी बाजूला लपवून ठेवले होते. ओनो बाकावर बसला होता, मान खाली. फोल्कर्ट्स बाजूला कॉफी पीत होते, रुसल्यासारखे. इम्के मिराबेलला धुऊन, चारा टाकून आली. बूट काढलेले, पायात मोजे. ती बापाच्या शेजारी बसली.

“गेलं ना?” ओनो म्हणाला. “माझ्यामुळे.”

“हो, गेलं.” तिने एक तुकडा उचलला, खाल्ला, बोटं चाटली. “पपा, एक सांगू? मिराबेल करकरा दात खाते. म्हणजे खायची. मी बसले की सुरू, उतरले की बंद. दोन वर्षं. सगळी फेरीभर मला तेवढंच ऐकू यायचं. पावलं मोजत चालायचे मी, दात मोजल्यासारखी.”

“दात?” फोल्कर्ट्सनी कप खाली ठेवला. “माझी घोडी दात खाते? दोन वर्षं? आणि मला कुणी सांगितलं नाही? मी दातांचा डॉक्टर आहे!”

“तुम्ही नाकाशी होतात ना, डॉक्टर,” इम्के म्हणाली. “तिथून एक वीत खाली बघायचं होतं.”

मी इतकी हसले की मला टेबल धरावं लागलं. फोल्कर्ट्स आधी गोरेमोरे झाले, मग त्यांनाही हसू फुटलं. ओनो तेवढा हसत नव्हता. तो मुलीकडे बघत होता.

“आज नाही खाल्ले तिने,” इम्के म्हणाली. आता तिचा आवाज हलका होता. “एकदाही नाही. जीभ दाखवली, चुकली, उड्या मारल्या, पण दात नाही. मग नाचायच्या भागात माझ्या लक्षात आलं, हे काय वाजतंय? माझंच गाणं, पपा. दोन वर्षं त्यावर चालतेय आणि आज पहिल्यांदा ऐकलं.”

ओनोने खिशातून मोठा रुमाल काढला. आम्हाला वाटलं, नाक शिंकरेल आणि काहीतरी बोलेल. पण तो तोंडावर रुमाल धरून नुसताच बसला आणि त्याचे खांदे हलत होते. इम्केने त्याच्या पाठीवर हात ठेवला. मी केकची ताटली त्या दोघांच्या मध्ये सरकवली आणि भांडी विसळायला वळले, कारण माझंही काही खरं नव्हतं.

भांडी विसळून होत आली, तेव्हा मागून त्याचा घोगरा आवाज आला.

“मग? कसं आहे गाणं?”

“भिकार,” इम्के म्हणाली. “पुढच्या वर्षी दुसरं घेते.”